चौकोनी घरं, गोल झोपड्या : इनामगावचे लोक गेले कुठे?

खापरखुणा

परवा पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेलो होतो. इनामगावची भांडी पुन्हा एकदा पाहिली आणि बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय शेवटी लिहायला घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. घोड पुढे भीमेला मिळते. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी त्यात होती. निघालं काय, तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. राजवाडा नाही, मंदिर नाही, लेख नाही. घरं, चुली, पेवं, खापरं आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. शंभरावर घरांचे अवशेष मिळाले. आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगातलं (दगड आणि तांबं दोन्हींची हत्यारं वापरायचा काळ) इतकं सविस्तर उकललेलं दुसरं गाव महाराष्ट्रात नाही.

वस्तीचे तीन टप्पे सांगतात. इ.स.पू. १६०० ते १४०० माळवा संस्कृती, १४०० ते १००० पूर्व-जोर्वे, १००० ते ७०० उत्तर-जोर्वे. (जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये पहिल्यांदा ती लाल भांडी मिळाली, काळ्या रंगात नक्षी काढलेली, कडक भाजलेली, टिचकी मारली की खणखणीत वाजणारी. म्हणून हे नाव.)

मधला टप्पा भरभराटीचा. ऐसपैस चौकोनी घरं, कुडाच्या भिंती, अंगणं. सातू हे मुख्य पीक, जोडीला मसूर, कुळीथ, वाल, वाटाणा. नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट खणलेला, त्याला लागून दगडमातीचा बांध. कुंभार, सोनार, हस्तिदंताचं काम करणारे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला. मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. याच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मातीचा चार पायांचा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष.

मग इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटतं. चौकोनी घरं जातात, लहान लहान गोल झोपड्या येतात, तीन-चारच्या घोळक्याने. भांडी ओबडधोबड होतात. शेती आक्रसते, हरणांची हाडं वाढतात, शेळ्यामेंढ्यांचं महत्त्व वाढतं. आणि ७०० च्या सुमारास गाव उठतं.

आपण काय शिकलो? "पाऊस कमी झाला, संस्कृती लयाला गेली." एका ओळीत तीनशे वर्षं. म्हणजे आजपासून मागे मोजलं तर पेशवाईच्या सुरुवातीपर्यंत जाल! बारा-पंधरा पिढ्या माणसं तिथे गोल झोपड्यांत राहिली, लग्नं केली, मुलं पुरली. याला "ऱ्हास" म्हणायचं की दुसरी राहणी? माझं मत असं की दुष्काळाने गाव मोडलं नाही, आधी कोठार मोडलं. गावाने त्यानंतरही तीनशे वर्षं काढली. मतं येऊ द्या.

---

वाचनमात्र

बूड टेकून बसले आहे. येऊ द्या.

---

मॉन्सूनमामा

छान धागा, पण पावसाला इतक्या सहज आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडू नका.

ढवळीकरांनी पावसाचा मुद्दा हवेत मांडला नव्हता. त्यांनी नाईलच्या पुरांचा आधार घेतला होता. नाईल कशाला मध्ये, असं वाटेल. निळी नाईल इथिओपियाच्या डोंगरातून येते आणि तिथला उन्हाळी पाऊस व आपला मॉन्सून हे एकाच मोठ्या यंत्रणेचे भाग आहेत. तिथे पूर घटले की इथेही पाऊस ओढ देतो, असा साधारण मेळ बसतो. इ.स.पू. १००० च्या आसपास नाईलचे पूर मंदावले, त्याच वेळी गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली जोर्वे गावं ओस पडली. नेवासे, दायमाबाद, खुद्द जोर्वे, सगळी. भीमेच्या खोऱ्यात तेवढी काही टिकली. पर्जन्यछायेचा प्रदेश आहे हो. शिरूरकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यातले शंभर गेले तर काय होतं ते कोरडवाहूवाल्याला विचारा.

---

त्रिकालदर्शी

तुम्ही सगळे मूळ मुद्दा टाळताय. सिंधू संस्कृती आर्यांनी बुडवली, तिथून पळालेले लोक दायमाबादला आले आणि मग तीच टोळी इथेही पोचली. घोडा, लोखंड, आक्रमण. पाऊसबिऊस सगळं नंतरचं.

---

खापरखुणा

@त्रिकालदर्शी, एकदाच उत्तर देतो आणि मग धाग्यावर राहू या.

मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत सापडलेल्या सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञाने इंद्रावर, म्हणजे आक्रमक आर्यांवर, खटला भरला होता, ते खरं. पण १९६४ मध्ये जॉर्ज डेल्सने ते "हत्याकांड" तपासलं तेव्हा सांगाडे एका काळाचे, एका थरातले ठरेनात. लढाईत शहर पडलं म्हणावं तर तटावर शस्त्रं नाहीत, जळिताचा सलग थर नाही. तो खटला तेव्हाच निकालात निघाला. दायमाबादला उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळाचा थर आहे हे मान्य. पण तिथून इनामगाव उठेपर्यंत हजार वर्षांचं अंतर आहे. कुणी पळत असेल तर फारच सावकाश पळत होतं.

इनामगावला जाळपोळ, कत्तल, तुटलेली हाडं यांचा असा काही थर नाही. माणसं नीट पुरलेली आहेत, उत्तरेला डोकं करून.

---

काळीमाती

मॉन्सूनमामा, तुमच्याच प्रांतातला एक मुद्दा तुमच्याविरुद्ध टाकते. रागावू नका.

लोणार सरोवराच्या तळातला गाळ काढून त्यावरून पावसाचा इतिहास लावला गेलाय. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ दुष्काळाचे दोन पट्टे दिसतात : एक आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी. आता जोर्वेवाल्यांच्या तारखा यावर ठेवून बघा. त्यांची भरभराट पहिला पट्टा संपल्यावर सुरू होते, इथवर ठीक. पण गावं उठली ३००० ते २७०० वर्षांपूर्वी. म्हणजे बरोबर दोन दुष्काळांच्या मधल्या फटीत!

आणि दुसरा पट्टा बघा. त्या काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं? सातवाहनांचा उत्तरार्ध, वाकाटक, अजिंठ्याची पाचव्या शतकातली लेणी, पुढे चालुक्य, राष्ट्रकूट, वेरूळचं कैलास. म्हणजे लोणारच्या हिशेबाने कोरड्या काळात आपण डोंगर कोरत बसलो होतो. पाऊस कमी म्हणजे संस्कृती खलास, हे समीकरण इथेच लटकं पडतं. कुणाकडे लोखंडाचा फाळ आहे, विहीर आहे, घाटातून बंदरापर्यंत जाणारा व्यापार आहे, यावर पुढचं ठरतं.

---

मॉन्सूनमामा

लोणार ते इनामगाव अंतर अडीचशे किलोमीटर. विदर्भाच्या उंबऱ्यावरचा पाऊस आणि घोडकाठचा पाऊस एक नव्हे. शिवाय सरोवराच्या गाळाला शतकांचा दुष्काळ कळतो, लागोपाठ पाच वर्षं पाऊस हुकला तर तो त्यात दिसेलच असं नाही. आणि शेतकरी मरतो तो पाच वर्षांनी.

पण मुद्दा खणखणीत आहे. वेरूळचं तर लक्षातच आलं नव्हतं.

---

काळीमाती

पाच वर्षांचा मुद्दा मान्य. तो महत्त्वाचाच आहे.

आता दुसरा पुरावा, तो जास्त अस्वस्थ करणारा आहे. गोदावरीच्या मुखाबाहेर बंगालच्या उपसागराच्या तळातून गाळाचा एक लांब स्तंभ काढलाय. दख्खनवर पडलेला पाऊस, उगवलेली झाडं, वाहून गेलेली माती, सगळ्याची नोंद त्यात थरांनी बसलेली. त्यावरून दोन गोष्टी दिसतात. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून ते १७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरड्या हवेत तग धरणारी झुडपं-गवतं टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आणि गेल्या काही हजार वर्षांत दख्खनची माती धुपून समुद्रात जाण्याचं प्रमाण खूप वाढलं. २०१७ च्या अभ्यासात याचा संबंध झाडोरा विरळ होण्याशी आणि शेतीच्या पसाऱ्याशी जोडलाय.

म्हणजे पाऊस तर हळूहळू कमी होतच होता. त्यात ज्यांनी नदीकाठची झाडं तोडून शेतं काढली, भट्ट्या पेटवल्या, चुना भाजला, गुरं सोडली, त्यांनी आपल्याच पायाखालची जमीन उघडी केली. काळी माती जाड असते तोवर ओल धरून ठेवते, सातूसारखं रब्बीचं पीक नुसत्या त्या ओलीवर येतं. ती वीतभर उरली की त्याच पावसात तेच पीक येत नाही. पाऊस तेवढाच, पण शेताला तो पुरत नाही. हे दुष्काळासारखंच दिसतं.

---

घोडकाठ

मी त्याच भागातला. धागा कुणीतरी पाठवला म्हणून खातं उघडलं. टंकायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे आजोबा त्या खोदकामावर रोजाने जायचे. ब्रशने माती झाडायचे पैसे देतात म्हणून घरात हसायचे सगळे. ते सांगायचे, साहेब लोक जळलेला दाणासुद्धा डबीत घालून न्यायचे.

मला एक सांगायचं आहे. तुम्ही गोल झोपडी म्हणजे गरिबी धरून चाललाय. आमच्याकडे धनगर येतात, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडाला परत. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उघड्या रानात पडतो. म्हणून ते गरीब असतात असं नाही. शेतकरी त्यांना मेंढरं शेतात बसवायला दाणे देतो, पैसे देतो. बहात्तरला आमच्या घरची दोन बैलं चाऱ्यावाचून गेली. जमीन होती वीस एकर, खायला मिलो आणि सुकडी. सगळं घर खडी फोडायला दुष्काळी कामावर. मेंढरंवाल्यांनी आपला माल हलवला खाली घाटात. त्यांचंही मेलं काही, पण आमच्यासारखं बसून राहावं लागलं नाही. जमीनवाल्याला जागचं हलता येत नाही, हाच त्याचा तोटा.

तेव्हा त्या लोकांनी शेतं कमी करून शेरडं-मेंढरं वाढवली असतील तर त्यांनी शहाणपण केलं असं मी म्हणेन.

---

वाचनमात्र

घोडकाठ, खातं उघडल्याबद्दल तुम्हाला मनापासून धन्यवाद. आजोबांचं अजून लिहा ना.

---

खापरखुणा

+१. आणि गंमत बघा, ढवळीकरांनीही उत्तर-जोर्वे लोकांचं वर्णन अर्ध-भटके असंच केलं होतं. म्हणजे उत्खननाचं आणि आजोबांचं मत जुळतं.

घोडकाठ यांच्या बोलण्यात मला माझ्या कोठाराच्या मुद्द्याला आधार दिसतो. पाट खणायला, बांध घालायला, दरवर्षी गाळ उपसायला माणसं एकत्र लागतात. कुणीतरी बोलावणारा लागतो, आणि बोलावल्यावर खायला घालणारा लागतो. ते कोठार त्यासाठी. चांगल्या वर्षी धान्य आत, वाईट वर्षी बाहेर. एखादं वर्ष हुकलं तर ही व्यवस्था दुष्काळ पचवते. लागोपाठ हुकली तर कोठाराचा तळ दिसतो आणि मग बोलावणाऱ्याला कोण विचारतो? पाटात गाळ साचतो. माणसं आपापल्या तीन झोपड्यांचं बघतात. तीन-चारचे ते घोळके मला तसे वाटतात. भाऊबंद एकत्र, गाव नावापुरतं.

---

आडवातिडवा

थांबा थांबा. पाच खोल्या आणि एक कोठार, एवढ्यावरून तुम्ही लगेच "प्रमुख" उभा केलात, करवसुली सुरू केलीत, आता त्याला पदच्युतही केलंत. उद्या त्याच्या दोन बायका आणि सावत्रभाऊ काढाल. मोठं कुटुंब असेल, पाच भाऊ असतील. माझ्या मामांच्या वाड्याला नऊ खोल्या आहेत आणि त्यांना गावात कुणी चहालाही विचारत नाही.

---

खापरखुणा

:) मामांना नमस्कार सांगा.

आक्षेप रास्त आहे. पण फक्त खोल्या नाहीत. इनामगावला मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. सगळ्यांचे. मेलेला उठून जाऊ नये म्हणून असेल, असा एक तर्क आहे. रांजणात बसवलेल्या त्या माणसाचे पाय मात्र शाबूत आहेत. चार पायांचा रांजण, मांडी घालून बसवलेला, पाय न तोडलेला, मोठ्या घराच्या अंगणात. गाव त्याला वेगळं मानत होतं एवढं तरी म्हणू द्या. राजा म्हणत नाही. पाटील म्हणा हवं तर.

---

आडवातिडवा

पाटील चालेल.

---

दंतकथा

पेशाने दातांची डॉक्टर आहे. म्हणून इतका वेळ गप्प होते, कारण माझा मुद्दा धाग्याचा मूड घालवणार आहे.

घोडकाठ म्हणतात ते शहाणपण मलाही पटतं. पण त्याची किंमत कुणी दिली ते हाडं-दात सांगतात. इनामगावला दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यात बहुसंख्य लहान मुलं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत तान्हं मूल, आणि घराच्याच जमिनीत पुरायचं. आईच्या पायाखाली.

दाताचं एक वैशिष्ट्य आहे. हाड मोडलं तर जुळतं, आवरण एकदा बनलं की दुरुस्त होत नाही. दुधाच्या सुळ्याचं आवरण आईच्या पोटात असताना बनायला लागतं आणि जन्मानंतर काही महिन्यांत पुरं होतं. त्या काळात मूल किंवा आई उपाशी, आजारी असली तर तिथे खड्डा राहतो. कायमचा. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांचे दात या नजरेने तपासले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळंतिणीला पोटभर मिळत होतं का, हे तिच्या मुलाच्या सुळ्यावरून शोधायचं. मी रोज दुधाचे दात बघते, पण हे वाचल्यावर काही दिवस वेगळ्या नजरेने बघत होते.

पुढे ग्वेन रॉबिन्स शूग यांनी मुलांच्या हाडांवर काम केलं, २०११ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. उत्तर-जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते. आणि "पाऊस गेला म्हणून लोक भटके झाले" या सरळ गोष्टीवर त्यांनीही प्रश्नचिन्ह लावलंय. पुष्कळ जन्म, पुष्कळ बालमृत्यू, दमलेली जमीन, असं चित्र त्यातून उभं राहतं.

तेव्हा गोल झोपड्यांना ऱ्हास म्हणू नका हे ठीक, पण "दुसरी राहणी" म्हणून गोंजारूही नका. मोठी माणसं जुळवून घेत होती, तान्ह्यांना ते जमत नव्हतं.

---

खापरखुणा

दंतकथा, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्यातलं माझं "मुलं पुरली" हे वाक्य पुन्हा वाचलं. फार सहज लिहून गेलो होतो.

माझ्या मांडणीत दुरुस्ती करतो. कोठार मोडल्यावर गाव टिकलं, हे अजूनही म्हणेन. पण सांभाळून घेणारं कुणी उरलं नाही तर वाईट वर्षाचा मार कुठे बसतो, याचं उत्तर तुम्ही दिलंत.

---

नीरेकाठची

उशिरा आले. कुणी हे लिहिलं नाही म्हणून लिहिते : हे लोक संपले नाहीत, असं नको का म्हणायला? ७०० नंतर पश्चिम महाराष्ट्रात काही शतकं वस्त्यांचा पुरावा जवळजवळ मिळत नाही. पण तिकडे विदर्भात माहूरझरी, नायकुंड इथे महापाषाणीय (मोठे दगड रचून दफनं करणारे) लोक याच सुमारास लोखंड वापरताहेत, घोडे पुरताहेत. आणि इथे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून पुन्हा गावं दिसायला लागतात. काळी, चिकट जमीन खोल उलटायला तांब्याचं काम नाही. वाळकी या जोर्वे काळातल्या वस्तीत तर गुराच्या हाडाचा फाळ सापडलाय. हाडाच्या फाळाने किती खोल जाणार? नदीकाठची मऊ पट्टी संपली की या शेतीची हद्द संपली. लोखंड आल्यावर ती हद्द पुढे सरकली. मधली शतकं लोक कुठे असतील? मेंढरांमागे. वाड्याची खूण मातीत राहत नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत, इतकंच.

---

मॉन्सूनमामा

दिसत नाही म्हणजे नव्हतं असं नाही, हे खरं. पण दिसत नाही म्हणजे मेंढरांमागे होतं असंही नाही. ;)

तरी हाडाच्या फाळाचा मुद्दा आवडला. पाऊस, माती, कोठार आणि फाळ. मी माझं पावसाचं घोडं थोडं मागे घेतो. पूर्ण नाही.

---

त्रिकालदर्शी

म्हणजे आक्रमण नाहीच?

---

आडवातिडवा

नाही. पण पाटलाचं काय झालं ते अजून कुणी सांगितलं नाही.

---

वाचनमात्र

घोडकाठ, पुण्याहून एका दिवसात तिथे जाऊन येता येईल का? म्हणजे बघण्यासारखं काही उरलंय का? मुलांना घेऊन यायचं म्हणते.

---

घोडकाठ

या ना ताई. न्हावऱ्यावरून या. भिंती, चुली असं काही दिसणार नाही, ते सगळं पुण्यात नेलं किंवा बुजवलं. आता धरणाचं पाणी आहे, सगळा ऊस आहे. आमचंच चार एकर उसाखाली आहे, दोन बोअर मारले, एक मागच्या वर्षी आटला. ऊस उभा असताना दहा पावलांवरचं दिसत नाही. तोड झाल्यावर या, फेब्रुवारीत. खापरं पायाखाली येतील. मुलांना सांगा, उचलायची नाहीत, बघून परत ठेवायची. आजोबा तसं करायला लावायचे.